नेरुळ ते मशीद बंदर : एका पर्सचा प्रवास

पर्स ही वस्तू आपल्या घरांत उशिरा आली. आपल्या आज्यांच्या काळी पैसे कनवटीला असत. लुगडे कमरेला खोचायचे तिथेच चिल्लर गुंडाळून ठेवायची, की झाली तिजोरी. पान-तंबाखू खाणाऱ्या म्हातारीकडे चंची असे. खणाच्या नाहीतर चोळीच्या उरलेल्या तुकड्यांची, तीन-चार कप्प्यांची, गुंडाळून दोरीने बांधायची पिशवी म्हणजे चंची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात नातवाला द्यायचा पैसा. चंची कोणी बाजारातून आणत नसे. जिची चंची तिच्याच हातची. दहा चंच्या एका ओळीत ठेवल्या तरी कोणती कोणाची हे लहान पोरसुद्धा सांगे.

पुढे बायका शहरात आल्या, कामाला लागल्या, तशी कापडी पिशवी आली. डबा, छत्री, भाजी, मुलाचे औषध, सगळे त्या एका पिशवीत. पर्स आली ती त्यानंतर. बहुतेक घरांत ती पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या मुलीच्या खांद्यावरून आली.

आपले हे नवी मुंबई शहरही तसे तरुणच. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहू लागले. १ जानेवारी १९९२ रोजी येथे महानगरपालिका आली आणि त्याच वर्षी मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे धावू लागली. सुरुवातीला इथल्या माणसाची संध्याकाळ म्हणजे गाडीची वाट पाहणे आणि घरी येऊन पडणे एवढीच होती. आता तसे राहिले नाही. लग्नाचे स्वागत समारंभ संध्याकाळी सभागृहांत होतात. कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम रात्री असतात. १४ एप्रिलची संध्याकाळ तर आपल्या वस्तीत घराघरातून बाहेर पडणारी असते. अशा संध्याकाळी साडी चांगली असते, चप्पल चांगली असते, आणि हातात मात्र कामावर नेण्याची फुगलेली पर्स नाहीतर भाजीची पिशवी. मग मनात येते, एक छोटी, नेटकी पर्स असावी.

इथेच खरी अडचण सुरू होते. बाजारात जिला ‘क्लच’ किंवा ‘इव्हिनिंग पर्स’ म्हणतात ती वस्तू आपल्यासाठी तयारच झालेली नाही. युरोपात १७९० च्या सुमारास बायकांचे झगे पातळ आणि सरळ झाले, आतले खिसे गेले, तेव्हा हातात धरायच्या छोट्या बटव्यांची चाल पडली. ज्यांना दारात घोडागाडी होती, सामान उचलायला नोकर होते, त्यांच्यासाठी ती ठीक होती. आजही तिची घडण तशीच आहे. पट्टा नाही, असलाच तर साखळीचा नाजूक तुकडा. आत एक कप्पा. एक हात कायम तिला धरण्यात गुंतलेला. गाडीतून उतरून सभागृहात शिरणाऱ्या बाईला ती शोभते. पण आपल्याला रात्री दहाच्या पुढे लोकल पकडायची असते, एका हाताने दांडी धरायची असते, दुसऱ्या हाताला पेंगुळलेले मूल असते. ती पर्स मग तिसऱ्या हाताने धरायची काय?

म्हणून स्वस्तातली पर्स घेऊन ती आपल्या सोयीची आणि आपल्या आवडीची करून घ्यावी, हा या लेखाचा विषय. आम्ही तसे केले, त्यासाठी थोडे हिंडलो, आणि ते हिंडणे वाचक भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटले. आम्ही म्हणजे नेरुळच्या चौघीजणी. शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी, घरकाम करणाऱ्या एक मावशी, ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एका कंपनीत नुकतीच लागलेली एक मुलगी, आणि चौथी कारकून. हिशेबाची वही अर्थातच कारकुनाकडे आली.

निमित्त त्या मुलीचे. तिच्या कंपनीचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. बरोबरच्या मुलींच्या पर्सा पाहून तिने मोबाईलवर २,८०० रुपयांची एक पर्स शोधून ठेवली होती, तीन हप्त्यांत पैसे फेडायचे. पगाराला लागून दोन महिने झालेले. घरी भावाची फी बाकी. पर्स वाईट नव्हती. पण तिलाही पट्टा नव्हताच. मावशींची गोष्ट वेगळी. त्या ज्या सोसायटीत काम करतात तिथे निघताना रोज फाटकावर पिशवी उघडून दाखवावी लागते. त्या म्हणाल्या, “ताई, मला एक तरी पर्स अशी पाहिजे, जी मी उघडीन तेव्हाच उघडंल.” लग्नाकार्याला जाताना खांद्याला ती असावी एवढीच त्यांची इच्छा. या दोन पर्सा करायच्या असे ठरले.

पर्सा घेतल्या त्या नेरुळ स्टेशनबाहेरच्या संध्याकाळच्या बाजारात. मुलीसाठी रेशमासारख्या निळ्या कापडाची, १८० रुपयांना. मावशींसाठी काळ्या रेक्झिनची, तीही १८० लाच. वहिनींनी निवड कशी केली ते सांगण्यासारखे आहे. त्यांनी आधी रंग पाहिलाच नाही. चेन दहा वेळा उघडझाप केली. कोपऱ्यावर अडखळली ती पर्स बाजूला. मग अस्तर बाहेर ओढून त्याची टीप पाहिली. मग कड्या पाहिल्या. जिच्या तोंडाला फट आहे ती कडी ओढ बसली की उघडते. शेवटी मोबाईल, घडी केलेला रुमाल आणि किल्ल्या आत घालून चेन लागते का ते पाहिले. नुसती शोभेची टिकली सुटलेली असेल तर हरकत नाही, कारण शोभा आपण बदलणारच आहोत. सांगाडा मात्र चांगला हवा. स्वस्त रेक्झिनबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या वरचा थर काही वर्षांत सुटू लागतो, पापुद्रे निघतात. आधीच कुठे चीर दिसत असेल तर ती पर्स घेऊच नये. घरी आणल्यावरही प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून न ठेवता जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि तिच्यावर इस्त्री कधी फिरवू नये.

सामान आणायला शनिवार निवडला. रविवारी मंगळदास मार्केट बंद, आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉकची धास्ती. सकाळची गाडी पकडली. बायकांच्या डब्यात फिरता बाजार असतोच. कानातले, टिकल्या, पिना, रुमाल हातावर टांगून विकणाऱ्या बाया एका स्टेशनला चढतात आणि दुसऱ्याला उतरतात. पाच रुपयांची पिनसुद्धा आपल्या बायका तीनदा उलटीपालटी करून घेतात. वाशी सुटले की गाडी खाडीच्या पुलावर येते, मानखुर्दपासून पुन्हा दाटी सुरू होते, आणि कुर्ला, वडाळा मागे टाकून शिवडीनंतर येते कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार आणि गोदामे इथे होती म्हणून हे नाव. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या.

कापडाची आणि आपली ओळख याच गिरण्यांत झाली, पण तीही अर्धीच. गिरणीच्या विणखात्यात पगार बरा असे. तिथे मात्र अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या माणसाच्या तोंडचा धागा दुसऱ्यांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. ज्यांच्या आजोबांना धाग्याला तोंड लावू दिले नाही त्या घरची मुलगी आज कुठला धागा आपल्या पर्सवर शोभेल हे स्वतः निवडायला निघाली होती. ही गोष्ट छोटी आहे, पण गाडीत ती तिला सांगितली तेव्हा तिने हातातला मोबाईल खाली ठेवला.

मशीद स्टेशनला उतरून पश्चिमेला बाहेर पडले की हातगाड्यांची आणि हमालांची गर्दी चुकवत चालावे लागते. हा मांडवीचा परिसर. याच मांडवीतल्या कोळीवाड्याच्या सभागृहात ११ मे १८८८ रोजी जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी लोकांनी अर्पण केली. तिथून थोड्याच अंतरावर जी मंडई आहे तिला आज त्यांचेच नाव आहे. १८६९ साली ही इमारत पुरी झाली. त्या वेळच्या महापालिका आयुक्त क्रॉफर्ड साहेबाच्या नावाने ती ओळखली जाई आणि अजूनही पुष्कळजण क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. दर्शनी कमानींवर शेतकऱ्यांची शिल्पे कोरली आहेत. ती लॉकवुड किपलिंग या कलाशिक्षकाने तयार केली. बाजारहाटाच्या धांदलीत मान वर करून ती पाहावीत. शेतकऱ्याचे दुःख मांडणाऱ्या महापुरुषाचे नाव ज्या मंडईला मिळाले तिच्या दारावर आधीपासूनच शेतकरी उभे आहेत.

मंडईजवळच मंगळदास मार्केट. आत कापडाच्या गाळ्यांच्या ओळीच ओळी. आम्हांला लागत होते अगदी थोडे. पर्सच्या कामाला पाव मीटर कापड पुष्कळ होते. मोठा व्यापारी पाव मीटर कापून देत नाही. पण तुकडे आणि उरलेले काठ विकणारे लोक असतात, त्यांच्याकडे ढिगातून निवडता येते. तिथे एक खणाचा तुकडा ६० रुपयांना मिळाला. खण हे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे कापड. चोळीसाठी ते त्रिकोणी घडी घालून विकत, म्हणून जुन्या बाया खणाची घडी लांबूनच ओळखतात. बारीक नक्षी, घट्ट वीण आणि चमक असल्याने पर्सला ते फार छान बसते. तसे पाहिले तर तेही विकत घेण्याची गरज नव्हती. आईच्या इरकलीचा काठ, फाटलेल्या साडीचा पदर घरात असतोच. साडी विरते, काठ मात्र टिकतो.

तिथून चालत भुलेश्वरला गेलो. भोईवाड्याच्या गल्ल्यांत मणी, टिकल्या, लेस, जर, खोटे दागिने यांची दुकाने आहेत. इथे डोळे दिपतात आणि हात सैल सुटतो. घरून यादी करून जाणे हाच त्यावर उपाय. आमच्या यादीत पांढरे मणी एवढेच होते. ३० रुपयांत लहान पुडी मिळाली आणि दोन्ही पर्सा होऊन ती उरली.

चांगला पट्टा, कड्या आणि हूक यांसाठी आम्ही परतीच्या वाटेवर धारावीला जायचे ठरवले. गुरु तेगबहादूर नगरला उतरून सायन, आणि सायनच्या पश्चिमेला सायन-वांद्रे लिंक रोड. या रस्त्यावर चामड्याच्या पिशव्या, पाकिटे, जाकिटे यांची दुकाने ओळीने आहेत. पुढून दुकाने आणि मागे गल्लीत कारखाने. चामडे कमावण्याचे आणि शिवण्याचे काम धारावीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ढोर, चर्मकार, तमिळ मुसलमान अशा अनेक समाजांच्या हातांनी ते वाढवले. कमावण्याचे काम आता बरेचसे बाहेर गेले आहे. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंनाही लागू झाला, तेव्हा कातडी मिळणे अवघड झाले आणि अनेक कारागिरांचे काम बसले. त्यानंतर सुधीर राजभर या चित्रकाराने इथल्या कारागिरांना घेऊन ट्यूब-टायरच्या पुनर्वापर केलेल्या रबराच्या पिशव्या करायला सुरुवात केली आणि त्या उद्योगाचे नाव ठेवले ‘चमार स्टुडिओ’. जे नाव शिवी म्हणून वापरले जाई तेच त्यांनी मालाच्या नावात अभिमानाने लावले. त्या पिशव्या देशाबाहेर प्रदर्शनांत पोहोचल्या.

गल्लीतल्या एका कारागिराला आम्ही मुलीची निळी पर्स दाखवली. त्याने ती उलटीपालटी केली, पट्टा कुठे लावणार ते विचारले आणि म्हणाला, “वरच्या कापडाला पट्टा शिवू नका ताई. ओढ शिवणीवर आली पाहिजे, कापडावर नाही.” या एका वाक्याने आमचे काम सोपे झाले. दोन पर्सांसाठी सुती विणीचे दोन पट्टे प्रत्येकी ४० रुपये आणि कड्या-हुकांचे जोड प्रत्येकी २० रुपये असा तिथला खर्च झाला.

ज्यांना इतके लांब जायचे नाही त्यांनी सी.बी.डी. बेलापूरचे सिडकोचे अर्बन हाट तरी पाहावे. निरनिराळ्या राज्यांतले हातमागाचे आणि हस्तकलेचे कारागीर तिथे प्रदर्शनाच्या वेळी आपला माल मांडतात. आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो, ते खरेदीसाठी नव्हे, डोळ्यांना वळण लागावे म्हणून. बंजारा भरतकामात आरसे, कवड्या आणि रंगीत टाके कसे बसवतात ते वहिनींनी जवळून पाहिले. कवडी एकाच टाक्यावर टांगलेली नसते, दोन्ही अंगांनी बांधलेली असते, म्हणून वर्षानुवर्षे हलत नाही. असे कारागीर भेटले तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. ती माणसे मन मोकळे करून सांगतात.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काम पट्ट्याचे. मुलीला उभे करून खांद्यापासून तिरके दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत आणि परत असे माप घेतले. ११५ सेंटीमीटर भरले. पर्सच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी वरून दोन-दोन बोटे उसवल्या. मजबूत कापडाची पट्टी दुहेरी करून कडीतून ओवली, तिची टोके बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घातली, वरून चौकोनात टीप मारली आणि चौकोनात फुली. पट्ट्याच्या टोकांना हूक. यामुळे सभागृहात शिरताना पट्टा काढून आत ठेवता येतो आणि पर्स हातात मिरवता येते. निघताना पुन्हा पट्टा लावला की दोन्ही हात मोकळे.

दुसरे काम आतले. विकतच्या पर्सचे अस्तर बहुधा काळे असते आणि अंधाऱ्या रिक्षात सुटे पैसे शोधता शोधता जीव जातो. आम्ही जुन्या पांढऱ्या सुती परकराचे अस्तर घातले आणि अंगाच्या बाजूला एक चपटा कप्पा शिवला. रेल्वेचा पास आणि एक नोट त्यात. गर्दीत चोराचा हात बाहेरच्या बाजूला जातो, अंगाच्या बाजूला जात नाही. चेनच्या धावत्याला १० रुपयांचा गोंडा बांधला, म्हणजे न पाहता हाताला लागतो.

तिसरे काम चेहऱ्याचे. निळी पर्स कापडाची असल्याने तिच्या झाकणावर खणाची आडवी पट्टी सुईदोऱ्याने लावली आणि पट्टीच्या दोन्ही कडांना गोधडीचा धावदोरा घातला. आपल्या घरोघरी वाकळ शिवताना जो टाका घालतात तोच हा. एक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, मधली जागाही तेवढीच. रेक्झिनवर मात्र असे करू नये. सुईचे भोक तिथे पुन्हा बुजत नाही. टाके जवळजवळ घातले तर टपालाच्या तिकिटासारखे ते ओळीने फाटते. मावशींच्या काळ्या पर्सला म्हणून खणाचा तुकडा रबरी चिकटद्रवाने बसवला. तुकड्याच्या कडा आधी आत दुमडून घ्याव्यात. दोन्ही बाजूंना पातळ थर लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, बोटाला चिकटेनासे झाले की जागेवर नेमके ठेवून दाबावे. एकदा बसले की सरकत नाही. खिडकी उघडी ठेवावी आणि गॅसपासून दूर बसावे, ते द्रव पटकन पेट घेते.

शेवटी प्रश्न आला नक्षीचा. मुलगी म्हणाली, मधोमध धम्मचक्र भरू. मावशींनी लगेच हात धरला. “अगं पोरी, पर्स कुठंबी ठेवली जाते. खुर्चीखाली, पायाशी. चक्र नको त्याच्यावर.” सगळ्यांना पटले. मग पिंपळाचे एकच पान भरायचे ठरले, पांढऱ्या दोऱ्याने कड आणि पांढऱ्या मण्यांच्या शिरा. प्रत्येक मणी दोन टाक्यांनी पक्का केला. सगळी पर्स भरून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. एक ठिकाण ठरवावे आणि बाकीचे मोकळे सोडावे. पांढऱ्या साडीवर ती निळी पर्स, तिच्यावर खणाची पट्टी आणि एक पान. पाहणाऱ्याची नजर थांबते आणि नेसणारीला अवघडल्यासारखे होत नाही.

मुलगी कार्यक्रमाला गेली. तिथे कोणी पर्स पाहिली, कोणी नाही. ती सांगत आली ते एवढेच की, रात्री घणसोलीला गाडीत चढताना पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात मोकळे होते. मावशींनी आपली पर्स पुतणीच्या लग्नात नेली. तीत त्यांनी काय ठेवले होते ते आम्ही विचारले नाही. ती त्यांचीच बाब.

काही बंधू म्हणतील, समाजापुढे एवढे प्रश्न असताना पर्सवर लेख कशाला? त्यांनी डिसेंबर १९२७ चे महाड आठवावे. आपल्या पनवेलवरूनच गोव्याचा रस्ता तिकडे जातो. त्या परिषदेला जमलेल्या बायकांशी बाबासाहेब लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि अंगावरच्या दागिन्यांबद्दल बोलले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या जड कथलाच्या दागिन्यांवरून लांबूनच जात ओळखली जाते ते टाका, स्वच्छ आणि नीटनेटके राहा, असा त्या बोलण्याचा आशय होता. बायकांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली. आपण काय नेसतो, काय खांद्याला लावतो हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हा त्यातला धडा. तेव्हा ठरवणारी रूढी होती. आता हप्त्यांची जाहिरात ठरवू पाहते. दोन्हींना उत्तर एकच. आपली गरज काय, आपली आवड काय, हे आपण आधी ओळखावे.

आता वहीतला हिशेब. निळ्या पर्सला पर्स १८०, पट्टा ४०, कड्या-हूक २०, गोंडा १०, खण ६०, मणी ३०, सुईदोरा २०, एकूण ३६० रुपये. काळ्या पर्सला मणी नाहीत, चिकटद्रव आहे, त्यामुळे खर्च तेवढ्याच्या जवळपास. गाडीभाडे वेगळे. २,८०० रुपयांच्या हप्त्यांपुढे हा खर्च कोणत्याही घराला झेपेल असा आहे.

पण हिशेब इथे संपत नाही. पर्स पाहून वस्तीतल्या तीन-चारजणींनी वहिनींकडे मागणी केली आणि वहिनींनी किंमत सांगितली ४१५ रुपये. एका पर्सला त्यांचे पाच तास गेले होते. ३६० वजा केले तर उरतात ५५, म्हणजे तासाला ११ रुपये. वही पुढे ठेवली तेव्हा वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “हातचंच काम आहे ना, त्याचे काय पैसे लावायचे?”

आपल्या बायकांचे नुकसान याच वाक्याने होते. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. इकडे ओरड झाली तेव्हा त्यांनी मूळ मान्य केले. हातच्या कामाला मोल असते म्हणूनच तर ते उचलले जाते. स्वतःसाठी किंवा लेकीसाठी पर्स केली तर ती हौस, तिथे मजुरी धरू नये. दुसऱ्यासाठी केली तर ती मजुरी, आणि ती धरलीच पाहिजे. तासाला ८० रुपये धरले तरी पाच तासांचे ४०० होतात. सामान मिळून ७६०. वहिनींनी आता ७६० हीच किंमत ठेवली आहे. चारपैकी दोघी मागे फिरल्या, दोघींनी पैसे दिले. सामानाचा भाव लिहिलेल्या वहीच्या त्याच पानावर वहिनी आता सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ लिहितात. कोणी “एवढी महाग का?” असे विचारले, तर त्या पान उघडून दाखवतात.